आजाऱ्याच्या उशाशी कोणतं मराठी बायबल?

घरात मोठं आजारपण आलं की ख्रिस्ती कुटुंबात कुणीतरी बायबल आणून उशाशी ठेवतं. बहुतेक वेळा ती खिशात मावणारी लहान प्रत असते: नवा करार आणि मागे जोडलेली स्तोत्रसंहिता. दवाखान्यात, लॉजवर फुकट मिळते तीच. वजनाला हलकी, उशीखाली मावणारी. आजाऱ्यासाठी हीच सोयीची, असं आपण धरून चालतो. पण या प्रतीत ईयोब (सगळं गमावलेल्या माणसाचं पुस्तक) नाही, विलापगीत नाही, यशयाचा दुःख सोसणाऱ्या सेवकाबद्दलचा 53वा अध्याय नाही. दुःखाशी सगळ्यात प्रामाणिकपणे भांडणारी बरीच पानं नेमकी वगळलेली. म्हणून पहिली शिफारस: आजाऱ्याला 66 पुस्तकांचं संपूर्ण बायबल द्या, आणि लहान प्रत दिलीच तर सोबत ईयोब मोठ्या अक्षरांत छापून द्या. 42 अध्याय आहेत. एका वहीत मावतात.

संपूर्ण बायबलमध्ये निवड कशी करायची? प्रॉटेस्टंट मंडळ्यांत चालतं ते बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’, ज्याला सगळे आर.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) म्हणतात. त्याची भाषा जुनी, वाक्यं लांब, आणि ‘जो तो’, ‘ह्यास्तव’ यांची रेलचेल. देवळात लहानपणापासून हेच कानावर पडलेल्या माणसाला या भाषेचा आधार वाटतो, कारण वाक्याचा पुढचा भाग त्याला पाठच असतो. डोळे मिटूनही तो वाचू शकतो. पण बायबल पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या रुग्णाला हेच वाचन दमवणारं ठरतं. त्याच्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ बरं. मराठी आजची आहे, वाक्य एका श्वासात संपतं. तिसरं भाषांतर पंडिता रमाबाईंचं. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा, 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा. अशा बाईने केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं हे काम. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये त्यांच्याच मुक्ती या संस्थेच्या छापखान्यातून बाहेर पडला. मुळाला शब्दशः धरून राहण्याच्या हट्टामुळे ते कित्येक ठिकाणी खडबडीत झालं आहे, त्यामुळे आजाऱ्याला ते देऊ नये. त्याच्याजवळ बसून अर्थ लावणाऱ्याने मात्र ताडून पाहायला जवळ ठेवावं.

आर.व्ही.ची एक जमेची बाजू क्वचितच बोलली जाते. तिचे काही शब्द आजाऱ्याच्या घरातल्या बोलीशी अचूक जुळतात. रोमकरांस पत्राचा 8वा अध्याय घ्या. तिथे सृष्टी कण्हते, आपणही कण्हतो, आणि पुढे 26व्या वचनात खुद्द पवित्र आत्मा शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने विनंती करतो. ‘कण्हणं’ हा शब्द आपल्याकडे शेजारच्या खोलीतून रात्री ऐकू येतो. ज्याला प्रार्थनेचे शब्दच जुळत नाहीत, त्याच्यासाठी तीन वचनांत तीनदा आलेलं हे कण्हणं म्हणजे त्याचीच अवस्था लिहिलेली आहे. पण होतं काय, मंडळीतले लोक याच अध्यायातलं 28वं वचन तेवढं उचलतात: सगळ्या गोष्टी मिळून कल्याण होतं. आणि तेही ‘जे झालं ते चांगल्यासाठीच झालं’ या थाटात. वचन तसं म्हणत नाही. कल्याण म्हणजे काय ते लगेच 29व्या वचनात सांगितलं आहे: पुत्राच्या रूपासारखं होणं. गाठ विरघळणं किंवा नोकरी परत मिळणं असा त्याचा अर्थ लावायला तिथे आधार नाही. म्हणून या अध्यायाचं वाचन 18पासून सुरू करून 39ला संपवावं. मोठ्याने वाचायला तीनेक मिनिटं लागतात.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 12व्या अध्यायात या पत्रांचा लेखक प्रेषित पौल आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल लिहितो. काटा म्हणजे नेमकं काय, ते त्याने सांगितलेलं नाही, आणि ते बरंच झालं. कुणालाही आपला काटा तिथे ठेवता येतो. तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. उत्तर आलं की कृपा पुरे आहे, शक्ती अशक्तपणातच पूर्ण होते. ‘अशक्तपणा’ हा मराठीत टायफॉइडनंतरचा, केमोनंतरचा शब्द आहे. डॉक्टरच्या टेबलापलीकडे बसून रुग्ण हाच शब्द वापरतो. त्यामुळे हे वाक्य त्याला परकं वाटत नाही. ‘पुरे’ मात्र दुधारी आहे. ‘आता पुरे’ म्हणून आपण पोराचं तोंड बंद करतो. वाचणाऱ्याने सूर सांभाळला नाही तर देवाचं उत्तर दटावणीसारखं ऐकू येतं. ताटात वाढताना ‘पुरेल एवढं आहे’ म्हणतो, तो सूर इथे हवा.

जिथे आर.व्ही. कमी पडते, तेही सांगायला हवं. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात 3 ते 7 या पाच वचनांत एकाच ग्रीक मुळाचा शब्द दहा वेळा येतो आणि मराठीत तो ‘सांत्वन’ होतो. आपल्याकडे सांत्वनाला जातात ते मयत झालेल्या घरी, पांढरे कपडे घालून. मूळ शब्दात जवळ बोलावणं, शेजारी उभं राहणं, धीर देणं असं सगळं आहे. म्हणून वाचताना ‘सांत्वन’च्या जागी मनात ‘धीर’ धरावा. मग पौलाचा मुद्दा नीट लागतो: आपल्याला जो धीर मिळाला तोच दुसऱ्याला देता येतो. दुःखाला हेतू असतो का, या प्रश्नाला पत्रांत मिळणारं सगळ्यात वापरता येण्याजोगं उत्तर माझ्या मते हेच आहे. ते दुःख का आलं ते सांगत नाही. त्या दुःखातून गेलेल्या माणसाच्या हाती काय उरतं ते सांगतं. डायलिसिसच्या खुर्चीवर पहिल्यांदा बसणाऱ्याला, दोन वर्षं तिथे बसलेला माणूस जे देऊ शकतो ते पाळकांनाही जमत नाही.

रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायातली साखळी अशीच: संकट, धीर, शील, आशा. ‘शील’ वाचून आजचा वाचक चारित्र्यापाशी थांबतो. मुळातला शब्द धातू तपासण्याच्या जवळचा आहे. सोनार कसावर घासून बघतो आणि सोनं खरं निघतं, ते. ‘कसाला उतरणं’ असं वाचा, साखळी लगेच सुटसुटीत होते.

आता वाचनाचा क्रम. चुकतं ते इथेच. बहुतेक लोक आजाऱ्याला आधी आश्वासनं वाचून दाखवतात. वचनांच्या रंगीत चिठ्ठ्यांची पेटी, भिंतीवरचं कॅलेंडर, मोबाइलवर रोज सकाळी येणारं आजचं वचन, सगळीकडे तीच पाच-पंचवीस वचनं. यिर्मयाचं 29:11 त्यात हमखास असतं, भवितव्य आणि आशा देणारं. त्याच्या आधीच्याच 10व्या वचनात मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. यिर्मयाचं हे पत्र बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद होऊन गेलेल्यांना लिहिलेलं आहे आणि त्यांना सांगितलं आहे की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, कारण इतक्यात परतायचं नाही. हे वचन पुढच्या महिन्याच्या रिपोर्टसाठी वापरलं की रिपोर्ट वाईट येताच माणूस देवावरचा नाही तरी वाचून दाखवणाऱ्यावरचा विश्वास गमावतो.

त्यापेक्षा तक्रारीपासून सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात स्तोत्र 13. सहाच वचनं. मूळ हिब्रूत पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो. दुसऱ्या आठवड्यात स्तोत्र 22, त्याचीच पहिली ओळ येशूने वधस्तंभावर उच्चारली. मार्क 15:34 त्याला जोडून वाचावं. मग स्तोत्र 88. हे अवघड आहे. 18 वचनं आणि शेवटपर्यंत उजेड नाही; हिब्रूत तर शेवटचा शब्दच अंधार असा आहे. बाकीची बरीच विलापस्तोत्रं अखेरीस स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. वाचणाऱ्याला इथे हमखास मोह होतो की पुढे लगेच 23वं किंवा 121वं स्तोत्र वाचून वातावरण हलकं करावं. ते टाळावं. ज्यांनी ही स्तोत्रं गोळा केली त्यांनी 88वं वगळलं नाही, दुरुस्तही केलं नाही.

विलापगीताचं बांधकाम पाहण्यासारखं आहे. पाच अध्याय. पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा प्रत्येकी 22 वचनांचा, कारण हिब्रू वर्णमालेत 22 अक्षरं. मधला 66 वचनांचा, प्रत्येक अक्षराला तीन. पहिल्या चार अध्यायांत वचनं अक्षरांच्या क्रमाने सुरू होतात, पाचव्यात क्रम सुटतो. टाहोसुद्धा अ-पासून-ज्ञ-पर्यंत रचून मांडलेला. देवाची दया रोज सकाळी नवी होते, ही प्रसिद्ध ओळ तिसऱ्या अध्यायात 22-23ला येते, म्हणजे पुस्तकाच्या जवळजवळ मध्यावर. त्यानंतर पुन्हा रडणं सुरू होतं आणि पुस्तक संपतं ते देवाने कायमचं टाकलं की काय या शंकेवर. आशा मधोमध, शेवटी नाही. दीर्घ आजारात दिवस असेच जातात, सकाळ बरी आणि संध्याकाळ वाईट.

ईयोब सलग वाचायला जड जातो. 1 आणि 2 अध्याय गोष्टीसारखे आहेत, तेवढे एका बैठकीत. तिसऱ्यात तो जन्मदिवसाला शाप देतो. घाबरून पान उलटू नये. 4 ते 31 मध्ये अलीफज, बिल्दद आणि सोफर या तीन मित्रांशी वाद चालतो. दोन दोन अध्याय करून घ्यावा, दमल्यास सोफराची भाषणं गाळली तरी चालेल. 32 ते 37 मध्ये अलीहू नावाचा चौथा माणूस बोलतो, तोही गाळता येतो. 38 ते 42 मात्र पूर्ण. देव बोलतो, पण ‘का’ याचं उत्तर देत नाही. आणि 42:7 ला तो रागावतो कुणावर? देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर. पापाचं फळ म्हणून आजार आला, असं आजही भेटायला येणारे सुचवतात; पूर्वजन्माच्या कर्माचं नाव घ्यायचं नाही म्हणून ‘कुठेतरी पाप लपलंय’ म्हणतात. त्यांच्यासाठी योहान 9:3 आणि लूक 13:4 या दोन खुणा पानात घालून ठेवाव्यात; दोन्हीकडे येशू हे गणित नाकारतो. शेवटी ईयोबाची मेंढरं 7,000ची 14,000 होतात, उंट 3,000चे 6,000, मुलं मात्र पुन्हा सात मुलगे आणि तीन मुलीच. मुलांची दुप्पट होत नाही. मूल गमावलेल्या आईबापांसमोर शेवटचा अध्याय वाचताना हे लक्षात असू द्यावं. ‘पुन्हा मिळालं की नाही’ असं कौतुकाने म्हणू नये.

गैरवापराबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण हे पुस्तक चुकीच्या हातात घातक ठरतं. पेत्राच्या पहिल्या पत्रात निमूट सोसण्याबद्दल दुसऱ्या अध्यायात जे आहे ते गुलामांना उद्देशून आहे. ते मारहाण सोसणाऱ्या बायकोला वाचून दाखवणं हा शास्त्राचा अपमान आहे. तिला घराबाहेर काढणं आधी. बरं करण्याच्या प्रार्थनेनंतर इन्शुलिन किंवा फिट्सच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यांना, पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला (1 तीमथ्य 5:23), आपला सहकारी त्रफिम याला आजारीच मिलेत शहरात ठेवलं (2 तीमथ्य 4:20) आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै 4:14), हे दाखवावं. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला 1 राजे 19 मध्ये उपदेशाआधी झोप आणि भाकर मिळते, तीही दोनदा. जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं तर वचन शोधत बसू नये. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर लावावा.

मोबाइलवरचं बायबल रात्री दिवा न लावता वाचता येतं, अक्षरं वाढवता येतात, हे फायदे खरे. त्यात ‘आजचं वचन’ची सूचना बंद करून ठेवा, एवढंच. छापील प्रत घेताना चेनवालं बायबल टाळा. चेनची कड टोचते आणि झोपून धरलं की पुस्तक मिटतं. रुग्णाचाच चष्मा सोबत घेऊन दुकानात जा, आणि नेहमीसारखं उत्पत्ती न उघडता विलापगीत 3 उघडून पुस्तक टेबलावर ठेवा. हात काढल्यावरही ते उघडं राहिलं आणि चष्म्यातून 22वं वचन बोट न ठेवता सापडलं, तर ती प्रत घ्यायला हरकत नाही.