इन्स्ट्रूच्या मुलांनो, उन्हाळी इंटर्नशिपसाठी डिपॉझिट भरण्याआधी हे वाचा

इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना स्टायपेंडसह उन्हाळी इंटर्नशिप देतो म्हणून एका एजन्सीने आमच्याकडून पैसे घेतले आणि ती गायब झाली. मी, माझे काही वर्गमित्र, शिवाय दुसऱ्या कॉलेजांतली मुलं, असे बरेच जण यात सापडलो. एजन्सीचं नाव सांगून उपयोग नाही, पुढच्या वेळी ते वेगळं असेल. पद्धत मात्र तीच राहील, म्हणून ती सविस्तर लिहिते.

ही फसवणूक आमच्या शाखेच्या मापानेच बेतलेली होती. ‘घरबसल्या कमवा’ छापाच्या जाहिरातीला आमच्यातलं कुणी भुललं नसतं. कोडिंगवाल्यांना लॅपटॉपवर इंटर्नशिप करता येते, आम्हाला शिकायचं तर प्लँटमध्येच जावं लागतं आणि तिथे परक्या माणसाला सहज आत घेत नाहीत. गेट पास, मेडिकल, सेफ्टी इंडक्शन, हेल्मेट, सेफ्टी शूज हे सगळं लागतं, एवढं वर्गात ऐकलेलं असतं. ते नक्की कोण देतं, कधी देतं, पैसे कोण भरतं, हे कुणीच पाहिलेलं नसतं. याच अर्धवट माहितीवर त्यांचा धंदा चालला.

एका प्रोसेस प्लँटचं शटडाउन (तपासणी-दुरुस्तीसाठी प्लँट ठरवून बंद ठेवणं) आहे, लूप चेकिंग (उपकरणापासून कंट्रोल रूमपर्यंत सिग्नल नीट पोचतो का ते पाहणं) आणि कॅलिब्रेशनसाठी (उपकरण बरोबर मोजतंय का ते तपासून जुळवणं) ट्रेनी हवेत, अशी जाहिरात होती. न पटण्यासारखं काही नव्हतं. शटडाउनमध्ये ट्रान्समीटरची, म्हणजे दाब-तापमानासारखं मोजमाप ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलने कंट्रोल रूमला कळवणाऱ्या उपकरणांची, रांग लागलेली असते. प्रत्येकाला ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर असे टप्पे देऊन चढतीचं आणि उतरतीचं रीडिंग घ्यायचं, एक जण फील्डमध्ये, दुसरा कंट्रोल रूममध्ये. अशा कामात ट्रेनी मदतीला घेतले तर नवल नाही. स्टायपेंडही भरमसाट नव्हता, आमच्या एका सिनियरला खऱ्या कंपनीत मिळाला त्याच्याच आसपास. ‘फार मोठी रक्कम दिसली की सावध व्हा’ हा नेहमीचा सल्ला इथे काही कामाचा नव्हता.

इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर झाला. समोरच्या ‘सरांचा’ कॅमेरा बंद. साइटवर आहे, इथे कॅमेरा चालत नाही, असं म्हणाले. ज्वलनशील वायू असलेल्या भागात साधा मोबाइल नेऊ देत नाहीत, हे खरं आहे. पण मग हे महाशय तिथे बसून इंटरव्ह्यू कशावर घेत होते? असो. त्यांनी विचारलं, सिग्नल ४ पासूनच का सुरू होतो, शून्यापासून का नाही? माझ्या मित्राने ‘शून्याला नॉइज जास्त येतो’ असं ठोकून दिलं. सर म्हणाले, ‘एक्सलंट!’ आणि पुढचा प्रश्न. प्लँटवर काम केलेला माणूस तिथेच अडला असता. ४ मिलिअँपिअर म्हणजे मोजमाप शून्यावर आहे आणि ० मिलिअँपिअर म्हणजे तार तुटली किंवा सप्लाय गेला, हा फरक कळावा म्हणूनच तर लाइव्ह झिरो, म्हणजे शून्याऐवजी ४ पासून सुरू होणारा सिग्नल, असतो.

ऑफर लेटर मात्र देखणं होतं. वर एका नामांकित कंपनीचा लोगो, खाली निळ्या शाईची सही, तिच्यावर जरासा तिरका शिक्का, अगदी कुणीतरी घाईत हाताने मारल्यासारखा. कामाच्या यादीत एक ओळ होती : ‘पीटी-१०० थर्मोकपलचे कॅलिब्रेशन’. पीटी-१०० हा थर्मोकपल नसतोच, तो आरटीडी. दोन्ही तापमानाचे सेन्सर, पण आरटीडीचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो. ० अंश सेल्सिअसला १०० ओहम, १०० अंशाला सुमारे १३८.५ ओहम, म्हणजे तिथे रोध मोजायचा, थर्मोकपलला मिलिव्होल्ट. ही चूक ग्रुपवर दोघा-तिघांच्या लक्षात आली, त्यावर हसणंही झालं आणि ‘एचआरवाल्याने टाइप केलं असेल’ म्हणून विषय मिटला. लेटर ज्या ईमेलवरून आलं त्याच्या डोमेनमध्ये कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि ‘करिअर्स’ असा शब्द जोडलेला होता. डोमेन कधी नोंदवलं गेलं ते बहुतेक वेळा ऑनलाइन फुकट पाहता येतं. हे जाहिरातीच्या जेमतेम आधी नोंदवलेलं निघालं. इतकी जुनी कंपनी आणि डोमेन कालपरवाचं!

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी सेफ्टी किटचं डिपॉझिट, तेही ‘रिफंडेबल’. मग गेट पास आणि व्हेरिफिकेशनचा खर्च. मग तुमच्या हातात महागडा प्रोसेस कॅलिब्रेटर आणि हार्ट कम्युनिकेटर (ट्रान्समीटर तपासायची, त्याचं सेटिंग करायची हातातली यंत्रं) देणार, ती पडली तर काय, म्हणून त्यांचा इन्शुरन्स. यातला एकही हप्ता असा नव्हता की घरी विचारावं लागेल. प्रत्येक वेळी मुदत त्याच संध्याकाळची, कारण काय तर शटडाउनची यादी लॉक होणार. खातं कंपनीचं नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर. विचारलं तर उत्तर तयार : हे कंत्राटदाराचं खातं आहे. शटडाउनची कामं कंत्राटदारच करतात, त्यामुळे तेही खपलं.

आता प्रत्यक्षात काय असतं ते लिहिते. गेट पास प्लँट स्वतः देतो, तो एजन्सीकडून विकत घ्यायची वस्तू नाही. हेल्मेट, गॉगल, शूज ही काम देणाऱ्याची जबाबदारी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर टाकू नये असं स्पष्ट म्हटलंय. १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचा सर्वसाधारण नियम असा, की खासगी रोजगार एजन्सीने काम शोधणाऱ्याकडून थेट किंवा आडमार्गाने शुल्क घेऊ नये. सगळ्या देशांनी हे करार स्वीकारलेले नाहीत, पण ‘सगळीकडे असंच असतं’ असं कुणी ऐकवलं तर निदान एवढं तरी माहीत असावं. फी घेऊन ट्रेनिंग देणाऱ्या संस्था असतात आणि त्या तसं उघड सांगतात. पगारही देतो आणि आधी पैसेही घेतो, हे मात्र जुळत नाही.

रुजू व्हायची तारीख जवळ आली तशी शटडाउन पुढे ढकलल्याची बातमी आली. शटडाउन खरंच पुढे-मागे होतात, त्यामुळे कुणी आरडाओरडा केला नाही. मग ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय झाली, आणि एके सकाळी ग्रुपच नव्हता. एका मैत्रिणीने कंपनीच्या मूळ वेबसाइटवरून स्विचबोर्डाचा नंबर काढून फोन लावला, तेव्हा कळलं की त्यांनी यंदा असे ट्रेनी मागवलेच नव्हते. हा फोन पैसे भरण्याआधी करायचा असतो. नंबर लेटरवरचा घ्यायचा नाही, स्वतः शोधलेला घ्यायचा. आणखी एक विचारा : आम्ही कुठल्या इंजिनिअरच्या हाताखाली असू, आणि ट्रेनिंग डायरीवर सही कोण करणार? खऱ्या ठिकाणी एक नाव आणि एक विभाग सांगतात. आम्हाला ‘टीम ठरवेल’ असं उत्तर मिळालं होतं.

पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी बँकेला कळवा, नंतर पोलिसांच्या सायबर शाखेला. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. आमच्यातल्या काहींनी केले आणि तक्रारीला जोडायला त्यांच्याकडे काही उरलं नाही. ओळखपत्राची प्रत, फोटो, बँकेचे तपशील दिले असतील तर तेही तक्रारीत लिहा, कारण त्या कागदांवर उद्या कुणी तुमच्या नावाने खातं उघडू शकतं. आणि थोड्या दिवसांनी एक फोन येईल. बोलणारा अगदी सहानुभूतीने म्हणेल, तुमचे पैसे अडकलेत, आम्ही काढून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा. आम्हाला असा फोन आला, तेव्हा त्या माणसाकडे प्रत्येकाने भरलेली रक्कम शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर होती. ती आमच्याशिवाय एकाच टोळक्याला माहीत होती.