अडीच मिनिटांत अख्खा पिक्चर

पाचपैकी अडीच तारे. हे मार्क कुठल्या सिनेमाला नाहीत, मुख्य खेळाआधी आपल्या माथी मारल्या जाणाऱ्या ट्रेलरना आहेत. पिक्चरचं परीक्षण सगळेच करतात. ट्रेलरच्या वाटेला कुणी जात नाही, कारण तो फुकटचा असतो असा समज. फुकट कसला? तिकिटाचे पैसे मोजून खुर्चीत बसल्यावर जी वीस मिनिटं जातात ती आपलीच.

माझा या मालाशी संबंध जुना. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी थिएटरात ऑपरेटर होतो, 35 एमएमच्या जमान्यात. ट्रेलर तेव्हा छोट्या गुंडाळीत यायचा. फिल्म मिनिटाला 90 फूट पळते, म्हणजे अडीच मिनिटांचा ट्रेलर झाला सव्वादोनशे फूट. तो इंटरव्हलनंतरच्या रिळाच्या तोंडाला जोडायचा. टोकाचा थर ब्लेडनं खरवडायचा, सोल्यूशन लावायचं, दाबून धरायचं. जोड कच्चा राहिला तर प्रोजेक्टरच्या गेटमधून जाताना तुटायचा आणि खालून शिट्ट्या सुरू. एवढा उपद्व्याप असल्यामुळे मालक एकच ट्रेलर लावायचा, पुढच्या शुक्रवारी आपल्याकडे लागणाऱ्या पिक्चरचा. आता सर्व्हरवर प्लेलिस्ट असते. आठ फायली लावल्या तरी कुणाच्या बोटाला सोल्यूशन लागत नाही, म्हणून आठ लावतात.

पण संख्येचं एवढं नाही, मी ट्रेलरचा शौकीनच आहे. राग आहे तो आत काय भरतात याचा. हल्लीच्या मराठी ट्रेलरचा साचा बघा. आधी ड्रोनमधून गाव, नाहीतर किल्ला. मग नायकाचा चेष्टेखोर मित्र. दीड मिनिटाला आईच्या डोळ्यांत पाणी, लगेच काळा पडदा, ढोल, आणि पुढच्या तीस सेकंदांत भांडण, कोर्ट, दवाखाना, समेट सगळं ओळीनं. शेवटी नाव येतं, आणि नाव आल्यावर एक पांचट विनोद हमखास. हा विनोद कुणी सक्तीचा केलाय देव जाणे. परवा असाच एक ट्रेलर संपल्यावर आमची सूनबाई म्हणाली, "पप्पा, झाला की बघून. आता परत कशाला यायचं?" तिचं काय चुकलं?

हे खूळ आपल्याकडचंच आहे असंही नाही. 'कास्ट अवे' हा टॉम हँक्सचा 2000 सालचा पिक्चर. निर्जन बेटावर अडकलेला माणूस सुटतो की नाही, हाच त्यातला जीव. ट्रेलरमध्ये तो घरी परत आलेला दाखवून टाकला! दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांचं यावर म्हणणं असं की, आपण काय बघायला चाललोय हे लोकांना आधी पुरतं ठाऊक असायला हवं असतं, मॅकडोनाल्डमध्ये जाणाऱ्याला पदार्थ ठाऊक असतो तसं. धंद्याच्या हिशेबानं बरोबर असेल. पण सस्पेन्स बघायला आलेल्या माणसाला खुनी कोण ते दारातच सांगणारा डोअरकीपर आमच्या मालकानं दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता.

याच्या बरोब्बर उलट बघायचं तर हिचकॉकचा 'सायको', 1960. सहा मिनिटांहून लांब ट्रेलर, आणि त्यात पिक्चरमधला सीन जवळजवळ नाहीच. स्वतः हिचकॉक मोटेल आणि मागचं घर हिंडून दाखवतो. घर विकायला आलेल्या एजंटासारखा. जिन्यापाशी थांबतो, काहीतरी सांगायला लागतो आणि निम्म्यावर सोडून देतो. शेवटी बाथरूमचा पडदा सर्रकन ओढतो आणि एक बाई किंचाळते. तीही पिक्चरमध्ये त्या बाथरूममध्ये असणारी जॅनेट ली नाही, टोप घातलेली दुसरी नटी, व्हेरा माइल्स! पिक्चर सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, अशी ताकीद थिएटरवाल्यांना होती, आणि जाहिरातीत तीच मिरवली. या ट्रेलरला मी पाचपैकी पाच देतो. गोष्टीतलं काही हाती लागत नाही, पण कसल्या माणसाशी गाठ आहे ते कळतं.

आपल्याकडं हे कसब नागराज मंजुळे यांच्या पिक्चरच्या वेळी दिसलं. 'फँड्री'चं अजय-अतुलचं गाणं जाहिरातीसाठी केलेलं, पिक्चरमध्ये ते नाहीच. तरी कुणी फसवलं म्हणून ओरडल्याचं मला आठवत नाही, कारण पिक्चरचा पोरगेला नायक जब्या, त्याची सगळी तगमग त्या गाण्यात होती. 'सैराट' तर गाण्यांवरच घराघरांत पोचला. 29 एप्रिल 2016 ला तो लागला तेव्हा 'झिंगाट'ला खुर्च्यांपुढं नाचणाऱ्या पोरांना शेवटी काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती.

फसवणुकीवरून आठवलं. त्याच एप्रिलमध्ये शाहरुख खानचा 'फॅन' आला. 'जबरा फॅन' हे गाणं प्रोमोत धूमधडाक्यात, पिक्चरमध्ये गायब. तेव्हाच्या औरंगाबादच्या एक शिक्षिका घरच्यांना घेऊन गेल्या होत्या. त्यांनी यशराज फिल्म्सवर ग्राहक मंचात तक्रार केली. राज्य आयोगानं 10,000 रुपये भरपाई आणि 5,000 खर्च देण्याचा आदेश दिला, राष्ट्रीय आयोगानं तो कायम ठेवला. प्रकरण गेलं थेट सुप्रीम कोर्टात. तिथं 22 एप्रिल 2024 ला निकाल फिरला: प्रोमो म्हणजे करार नव्हे, प्रोमोत दिसलं ते पिक्चरमध्ये असलंच पाहिजे असा हक्क प्रेक्षकाला मिळत नाही. बाई हरल्या, पण त्यांच्या चिकाटीला आपला सलाम. निकाल मला पटतो. नाहीतर 'फँड्री'वालेही त्याच पिंजऱ्यात उभे राहिले असते. गाणं गाळलं तर चालेल हो. पिक्चर रडका असून हसरा म्हणून विकला तर मात्र माझं टाळकं सरकतं.

सेन्सॉरचं एक सांगून ठेवतो. थिएटरात ट्रेलरआधी दिसतं ते प्रमाणपत्र ट्रेलरचं स्वतःचं असतं, पिक्चरचं नव्हे. यूट्यूबला ते लागत नाही. त्यामुळे फोनवर ऐकलेली शिवी पडद्यावर ऐकू आली नाही तर ऑपरेटरला बोल लावू नका.

आता आवाज. एक तारा मी इथंच कापलाय. थिएटरच्या केबिनमधल्या डॉल्बीच्या यंत्रावर आवाजाचं जे बटण असतं त्याचा ठरलेला आकडा 7. पिक्चरचं मिक्सिंग तो धरून केलेलं असतं. पण ट्रेलरवाल्यांची आपसात चढाओढ, प्रत्येकाचा धमाका शेजारच्यापेक्षा मोठा. मग बाल्कनीतून निरोप येतो, "कानठळ्या बसल्या, कमी करा." ऑपरेटर 5 वर आणतो, परत वर न्यायचं राहून जातं, आणि पिक्चरमधलं हळू बोलणं कुणाला ऐकू येत नाही. शिव्या मात्र साउंडवाल्याला. हॉलिवुडनं 1999 मध्ये ट्रेलरच्या आवाजावर मर्यादा घालून घेतली. लांबीबद्दलही अमेरिकेतल्या थिएटरमालकांच्या संघटनेनं 2014 मध्ये दोन मिनिटांची रेघ आखली. सक्तीची नव्हती, पण आखली तरी. आमच्याकडं रेघ आखली तर निर्माते म्हणतील, मग ढोल कुठं घालायचा?

पीव्हीआर-आयनॉक्सनं 2023 मध्ये एक रुपयात अर्ध्या तासाचा, फक्त ट्रेलरचाच शो काढला होता. कल्पना मला आवडली. ज्याला बघायचेत त्यानं वेगळे बघावेत, बाकीच्यांची सुटका. ती सर्रास झाली तर मी अर्धा तारा वाढवून देईन.

तोवर माझी पद्धत अशी. फोनवर ट्रेलरचं पहिलं मिनिट बघायचं आणि आईच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत बंद करायचं. टीझर आला असेल तर तेवढाच बघायचा, तो बिचारा अजून काही फोडत नाही. आणि मल्टिप्लेक्सला तिकिटावरच्या वेळेनंतर दहा मिनिटांनी आत गेलं तरी काही बुडत नाही. फक्त जागा रांगेच्या मध्यावर असेल तर वेळेवर जा, अंधारात लोकांच्या पॉपकॉर्नवर पाय पडला की ते ट्रेलरपेक्षा मोठ्यानं ओरडतात.