पॉप्युलेशनपिरॅमिड डॉट नेट: लोकसंख्येचा चॅप्टर पाठ करायच्या आधी ही साइट बघा

बारावी भूगोलाचे पहिले दोन्ही पाठ लोकसंख्येचे आहेत आणि त्यात लोकसंख्येचा मनोरा (कुठल्या वयाचे किती पुरुष आणि किती बायका ते आडव्या पट्ट्यांनी दाखवणारी आकृती) आला की पोरं आकृत्या पाठ करून मोकळी होतात, पाया रुंद म्हणजे विकसनशील, पाया अरुंद म्हणजे विकसित, झालं. एमपीएससीवाल्यांचंही तेच. मी ज्युनियर कॉलेजला हा विषय शिकवते आणि गेली काही वर्षं वर्गात ही साइट वापरतेय, म्हणून म्हटलं एकदा नीट रिव्ह्यू लिहावा.

आधी थोडक्यात काय आहे ते. फुकट आहे, लॉगिन वगैरे काही नाही, देश निवडायचा, साल निवडायचं, १९५० पासून २१०० पर्यंत कुठलंही, की मनोरा समोर. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, पाच-पाच वर्षांचे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यावर टक्केवारी. आकडे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाचे, खालून डाउनलोडही होतात. आणि एक सोय खूप कामाची, वरच्या पत्त्यात देशाचं नाव किंवा साल नुसतं बदललं तरी चालतं, त्यामुळे मोबाइलवर पटापट उड्या मारता येतात.

खरी मजा साल पुढे सरकवण्यात आहे. पुस्तकातला मनोरा एका जागी थांबलेला असतो, इथे एकेक पिढी खालून वर चढताना दिसते आणि तिथेच विषय डोक्यात शिरतो. चीन उघडा, २०२०. साठ ते चौसष्टचा पट्टा बघा, तो एकदम आत गेलाय, आणि त्याच्या खालचे पंचावन्न-एकोणसाठ आणि पन्नास-चोपन्न हे बाहेर आलेत. तो आत गेलेला पट्टा म्हणजे १९५९ ते ६१ च्या दुष्काळाच्या आसपास जन्मलेली माणसं, म्हणजे जी जन्मलीच नाहीत किंवा जगली नाहीत त्यांची रिकामी जागा. साठ वर्षं झाली तरी ती भरली नाही आणि भरणारही नाही. आता आणखी खाली या, तीस-चौतीस. हा पट्टा परत रुंद! पोरं लगेच विचारतात, मॅडम तेव्हा तर एकच मूल धोरण होतं ना, १९८० पासून? होतंच. पण दुष्काळ संपल्यावर जी भरमसाट मुलं जन्मली होती त्यातल्या मुली तेव्हा आई व्हायच्या वयात आल्या होत्या, आयाच इतक्या की दर बाईमागे मुलं कमी झाली तरी एकूण जन्म जास्तच. जननदर (दर बाईमागे सरासरी मुलं) कमी झाला म्हणजे लोकसंख्या लगेच थांबते असं का नाही, हे मला फळ्यावर समजावताना घाम फुटायचा, इथे एका चित्रात होतं. मग आपल्याकडे या, एनएफएचएस-५ मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) भारताचा एकूण जननदर २.० वर आला, महाराष्ट्राचा तर १.७, तरी आपली संख्या वाढतेच आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं २०६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढत राहणार, १७० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरणार. कारण तेच.

कतार नक्की बघा. पंचवीस ते पंचेचाळीसच्या पट्ट्यांत पुरुषांची बाजू इतकी बाहेर आलेली की पहिल्यांदा बघणाऱ्याला साइट बिघडली वाटतं. ती सगळी बाहेरून कामाला आलेली माणसं, बायका-पोरं गावाकडे. नायजर बघा, जवळपास निम्मी लोकसंख्या पंधराच्या आतली. त्यानंतर लगेच जपान उघडा, निम्मी माणसं साधारण एकोणपन्नासच्या वरची. लागोपाठ हे दोन बघितले की अवलंबित्व गुणोत्तर ही काय भानगड आहे ते वेगळं सांगावं लागत नाही, कमावणाऱ्यांवर एकीकडे पोरांचा भार आणि दुसरीकडे म्हाताऱ्यांचा, आणि दोन्हीकडे सरकारनं पैसा कशावर खर्चायचा ते पूर्ण वेगळं.

आता जिथे कमी पडते ते पण सांगते.

पाच वर्षांचे पट्टे असल्यामुळे एका वर्षाच्या घटना त्यात विरून जातात. जपानचंच उदाहरण, १९६६ हे त्यांच्या पंचांगात 'अग्नी-अश्व' वर्ष होतं, त्या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याला घातक ठरतात अशी समजूत, त्यामुळे लोकांनी मुलं होऊच दिली नाहीत. १९६५ ला १८.२ लाख जन्म, १९६६ ला १३.६ लाख, १९६७ ला परत १९.४ लाख! एका समजुतीनं एका वर्षात चौथा हिस्सा जन्म कमी. एकेका वर्षाच्या मनोऱ्यात ही खाच सुरीनं कापल्यासारखी दिसते, या साइटवर मात्र ती शेजारच्या वर्षांत मिसळून जाते आणि माहीत नसेल तर कळतही नाही. (ते वर्ष साठ वर्षांनी फिरून येतं, म्हणजे २०२६. त्यामुळे यंदाचे जपानचे जन्माचे आकडे मी डोळ्यात तेल घालून बघणार आहे.)

दुसरं, सगळं टक्क्यांत. आकाराची तुलना करायला हे उत्तमच, पण भारत आणि भूतान शेजारी शेजारी ठेवले तर दोघं एकाच मापाचे वाटतात, एकूण लोकसंख्येचा आकडा बाजूला दिलेला असतो तो मुद्दाम बघायची सवय लावा. आणि पुढच्या सालांचं सगळं अंदाज आहे हे पोरांना बजावून सांगा, २०९० चा मनोरा हा मोजलेला नाही. खरं तर भारताचे २०११ नंतरचे आकडेही अंदाजच, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. साइट देशापाशी थांबते, राज्य नाही, जिल्हा तर नाहीच. आणि आपल्यासारख्या देशात तिथेच खरी गोष्ट सुरू होते हो! बिहारचा जननदर ३.०, केरळचा १.८, २०११ ला केरळात साठीवरचे १२.६ टक्के आणि देशात ८.६, हे सगळं एका मनोऱ्यात घातलं की जे सरासरी चित्र निघतं तसं एकही राज्य नसतं.

त्यामुळे मी वर्गात पुढची पायरी स्वतः करून घेते. जनगणनेच्या साइटवर २०११ चा सी-१४ तक्ता आहे, जिल्हावार, पाच वर्षांचे वयोगट, स्त्री-पुरुष वेगळे. तो एक्सेलमध्ये घ्यायचा, पुरुषांच्या आकड्यांना उणे चिन्ह द्यायचं, आडवा बार चार्ट टाकायचा, ओव्हरलॅप १०० आणि गॅप अगदी कमी करायचा, झाला मनोरा तयार. आम्ही रत्नागिरी आणि मुंबई शहर घेतो. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, मुंबई शहरात ८३२, आणि रत्नागिरीची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात चक्क ४.८ टक्क्यांनी कमी झाली. रत्नागिरीच्या मनोऱ्यात ऐन कमावत्या वयाची पुरुषांची बाजू रोडावलेली, मुंबईच्या मनोऱ्यात तीच बाजू भरलेली, आणि आधी कतार बघितलेलं असल्यामुळे पोरं कोणी न सांगता जोडतात, कारण कोकणातल्या कितीतरी घरातला एक मुंबईत असतो नाहीतर आखातात. बीडचा शून्य ते सहा वयाचा आकडा पण काढतो, हजार मुलांमागे ८०७ मुली. त्या दिवशी वर्गात बराच वेळ बोलणं होतं आणि मी ते थांबवत नाही.

जमलं तर सी-१३ पण उघडा, त्यात एकेका वर्षाचं वय आहे. तीस, पस्तीस, चाळीस, पन्नास या आकड्यांवर ढीगच्या ढीग माणसं आणि एकतीस-एकोणचाळीसला त्यामानानं कमी, कारण आपल्याकडे जन्मतारीख माहीत नसलेले लोक वय अंदाजे, शून्य-पाचवर सांगतात. संयुक्त राष्ट्रांचे आकडे घासूनपुसून येतात त्यामुळे साइटवर हे दिसणार नाही, पण मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते कळायला हा तक्ता बघायलाच हवा.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी चार. बारावी, बीए, स्पर्धा परीक्षा, सगळ्यांनी वापरा, फक्त एकट्या साइटवर थांबू नका, जोडीला आपल्या जिल्ह्याचा एक मनोरा हातानं काढा. फेब्रुवारी २०२७ मध्ये शिरगणती ठरली आहे, तिचे तक्ते यायला वेळ लागेल, पण २०११ चा काढून ठेवलेला असेल तर दोन्ही शेजारी ठेवता येतील. एक्सेलमध्ये कुठे अडलात तर कमेंटमध्ये जिल्ह्याचं नाव टाकून विचारा, सांगते.