नवजात बाळाची सिलिकॉन ॲम्बू बॅग: आधी मास्क बघा

ॲम्बू बॅग म्हणजे श्वास न घेणाऱ्या बाळाला मास्कमधून हवा द्यायची, हाताने दाबायची पिशवी. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर सर्जिकलच्या दुकानात ‘निओनेटल (नवजात बाळाची) ॲम्बू द्या’ म्हटलं की काउंटरवर तीन डबे येतात. स्वस्तातली पीव्हीसी प्लास्टिकची, मधली सिलिकॉनची, आणि तिसरीही सिलिकॉनचीच, फक्त वर इम्पोर्टेडचं स्टिकर. आमच्या दादरच्या छोट्या प्रसूतिगृहासाठी मी मधली घेतली. दोन हजारांच्या आत मिळाली. तेव्हापासून लेबर रूममध्ये वॉर्मरपाशीच (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलापाशी) असते.

बॅग २४० मिलीची आहे, बाळाला तेवढी पुष्कळ झाली. तीन किलोच्या बाळाला एका श्वासाला जेमतेम १५-२० मिली हवा लागते. अंगठा आणि दोन बोटं पुरतात; नव्या नर्स मुली पूर्ण मूठ आवळतात, त्यांचा हात मी तिथेच धरते. सिलिकॉन सोडलं की लगेच फुगतं. जुनी पीव्हीसीची चेपली की चेपलेलीच राहायची, आणि मिनिटाला ४० ते ६० श्वास द्यायचे तर ते चालत नाही.

दुकानातच एक करा. बॅगेच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून ती पिळा. पॉप-ऑफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून) फुस्स करून हवा सुटली पाहिजे, नाहीतर सगळं प्रेशर बाळाच्या फुप्फुसावर जाणार. मला दाखवलेल्या पहिल्या पीसची हवा सुटलीच नाही. दुकानदाराने कुरकुर करत दुसरा काढला.

आता मास्क. इथे कंपनीने हात आखडता घेतलाय. डब्यात फक्त १ नंबरचा (पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मापाचा) येतो आणि त्याची कड जरा कडक आहे. मास्कने हनुवटी, तोंड, नाक झाकलं पाहिजे, डोळ्यांवर चढता कामा नये. गालाशी जरा जरी फट राहिली की बॅग कितीही दाबा, छाती हलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं, सिस्टर काम करतायत! मी मऊ कडेचे ० (त्याहून लहान मापाचा) आणि १ वेगळे घेतले आणि डब्यातला शिकवायच्या बाहुलीला दिला.

दुकानदाराचा सगळा भर रिझर्व्हायरवर, म्हणजे बॅगेमागे ऑक्सिजन साठवणाऱ्या पिशवीवर. ‘मॅडम, हंड्रेड पर्सेंट ऑक्सिजन जातो.’ जातो, जवळजवळ तेवढा जातो. रिझर्व्हायर काढला तर साधारण ४० टक्के. पण पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करायची असते. नॉर्वेचे बालरोगतज्ज्ञ ओला दिद्रिक सौगस्टाड यांनी आयुष्यभर हाच विषय लावून धरला: गुदमरलेल्या बाळाला एकदम शुद्ध ऑक्सिजन दिला की फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे रेणू) तयार होतात आणि अपाय होतो. हवा की ऑक्सिजन, याचा पहिला छोटा अभ्यास दिल्लीत झाला, डॉ. सिद्धार्थ रामजींबरोबर, १९९३ मध्ये छापून आला. मग १९९८ चा मोठा, ६०९ बाळांचा, त्यातही भारतातली केंद्रं होती. हवेवरची बाळं कुठे कमी पडली नाहीत, उलट ऑक्सिजनवाल्यांना पहिला श्वास आणि पहिलं रडू यायला उशीर लागला. २०१० पासून तर हे आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येच आलं. आमच्याकडे सिनियर लोक अजून आधी सिलिंडरचं बटन शोधतात ते सोडा. रिझर्व्हायर असू द्या, लागतो कधीकधी, पण त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

खरी डोकेदुखी सफाईनंतरची. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) बॅगेला काही होत नाही, पण सगळे तुकडे सुटे होतात आणि डकबिल व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने सोडणारी, बदकाच्या चोचीसारखी झडप) उलटा बसला की हवा पुढे जातच नाही. सोबतचा कागद इंग्रजीत, त्यातलं चित्र नखाएवढं. मी बरोबर जोडलेल्या बॅगेचा फोटो मोठा करून ऑटोक्लेव्हच्या वर चिकटवलाय. मावशी त्याकडे बघून जोडतात, आणि ड्यूटीवर येणारी सिस्टर आधी तळहातावर दाबून बघते. बाळ आल्यावर शोधाशोध करायला वेळ कुठला? पहिल्या मिनिटात श्वास सुरू व्हायला हवा. एका मिनिटाचा अपगार (बाळाच्या तब्येतीचे गुण) फाइलमध्ये लिहायचा असतो, बॅग उचलायला त्याची वाट बघायची नसते.

बॅगेला पाचपैकी चार, सोबतच्या मास्कला दोन. घेणार असाल तर ० नंबरचा मास्क आणि एक जादा डकबिल त्याच बिलात घ्या. सुटा डकबिल नंतर मागायला गेलं की दुकानदार सरळ नवी बॅग पुढे करतो.