बिघडलेलंच हवंय, तर कुठलं?
मित्राला बँडच्या कव्हरसाठी मुद्दाम बिघडलेलं एआय चित्र हवंय. २०२२ मध्ये गाजलेलं, शब्दांवरून चित्र काढणारं डॅल-ई मिनी हे एआय मॉडेल वापरावं की आजचं एखादं, यात तो अडकलाय.

चेहऱ्यांत मिनीला तोड नाही. डोळे ओघळलेले, नाक गालात विरघळलेलं. चित्रच जेमतेम २५६ बाय २५६ पिक्सेलचं, बारकावे येणार कुठून? आजच्या मॉडेलची त्वचा मेणासारखी गुळगुळीत, चूक शोधायला मागच्या पाटीवरची अक्षरं वाचावी लागतात. ‘वाईट काढ’ म्हटलं तर नीटनेटकं वाईट काढतं!

खटपट मिनीत जास्त: मॉडेल खुलं, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येणारं असलं तरी स्वतः चालवावं लागतं. मोठ्या छपाईत त्याचं चित्र फुटतंही.

छोट्या कव्हरवर अंगावर काटा हवा, तर मिनी. पोस्टर छापायचं असेल, तर आजचं चित्र घेऊन हातानेच बिघडवावं.