नांदेडची राज्यव्यवस्था बॅच: शिकवणं फक्कड, नोट्स रद्दी

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून नुसत्या पाठांतरावर भागत नाही. म्हणून भाग्यनगर भागातल्या एका क्लासची शनिवार-रविवारची बॅच लावली. फी 3500. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं थोडं वाईटही बोलायचंय.

'संसदेची रचना' हा भाग सरांनी जसा घेतला, तसा मी कुठंच ऐकला नव्हता. आल्या आल्या म्हणाले, "मराठवाड्याचं वेगळं सभागृह करायचंय. जिल्हे आठ. कुणाला किती जागा, भांडा." 2011 च्या जनगणनेत संभाजीनगर 37 लाखांचं, हिंगोली 12 लाखांच्याही आत. हिंगोलीची पोरगी उठली, "डोकी मोजली तर आमचं ऐकणार कोण? सगळ्यांना सारख्या जागा द्या." मागून परभणीचा एक जण म्हणाला, "वा! 1999 ला आमच्यातूनच फुटलात, अन् आता आमच्याएवढ्याच जागा? मग आम्ही बी अजून दोन तुकडे करतो की!"

वर्ग हसला. सरांनी फळ्यावर लिहिलं: 1889, डाकोटा. अमेरिकेत तिथं एका प्रदेशाची उत्तर-दक्षिण दोन राज्यं झाली आणि सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात, दोनाऐवजी चार जण गेले.

मग 1787 चं फिलाडेल्फिया, जिथं अमेरिकेची राज्यघटना लिहायला राज्यांचे प्रतिनिधी जमले होते. व्हर्जिनियाला लोकसंख्येवर जागा हव्या होत्या, न्यू जर्सीला सारख्या. 16 जुलैला तोडगा राज्यांच्या पाच विरुद्ध चार मतांनी कसाबसा निघाला. मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींची मतं आपसातच फुटली. खालचं सभागृह लोकसंख्येवर, वरच्यात प्रत्येक राज्याला दोन. आज चार कोटींच्या आसपासचं कॅलिफोर्निया आणि सहा लाखही न भरणारं, म्हणजे जवळपास नांदेड शहराएवढं वायोमिंग, दोघांचे सिनेटर दोन-दोनच.

आपल्याकडं तसं का नाही, याचं सरांचं उत्तर मला पटलं. अमेरिकेत राज्यं आधी होती, करार करून एकत्र आली. आपल्याकडं कलम 3 नं संसदच राज्यांच्या सीमा बदलू शकते. आपल्या मराठवाड्याचंच बघा: 1956 ला हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात, 1960 ला महाराष्ट्रात. मग सारखा वाटा मागायचा कशाच्या जोरावर? म्हणून राज्यसभेत मधला हिशोब धरला: पहिल्या 50 लाखांपर्यंत दर 10 लाखांना एक जागा, पुढं दर 20 लाखांना एक. मोठ्याला जास्त मिळतं, पण लोकसंख्येच्या पटीत नाही. आज उत्तर प्रदेश 31, महाराष्ट्र 19, गोवा 1. माझा लातूर जिल्हा गोव्यापेक्षा दहा लाखांनी मोठा, पण जिल्ह्याला तिथं विचारतो कोण!

आता तक्रार. लोकसभेच्या जागांचा सगळ्यात गरम विषय सरांनी शेवटच्या दहा मिनिटांत गुंडाळला. 1971 च्या जनगणनेवर गोठवलेल्या जागा, 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवर त्यांचं फेरवाटप, त्यात आपला वाटा घटेल ही लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या दक्षिणेची धास्ती, सगळं पळत पळत. प्रश्न विचारला तर "पुढच्या तासाला." पुढच्या तासाला पंचायत राज काढलं.

छापील नोट्सचं तर विचारूच नका. राज्यसभेची सध्याची संख्या 250 छापलीय. ती कमाल मर्यादा आहे, सध्या 245. उमेदवार त्याच राज्याचा रहिवासी हवा, असंही लिहिलंय. ती अट 2003 लाच गेली, आणि हे सरांनीच वर्गात सांगितलं होतं. झेरॉक्सही इतकी फिकी की परिशिष्टाचा तक्ता वाचताना डोळे फुटतात.

लावायची असेल तर बॅच खुशाल लावा, पुढच्या बाकावर बसा, मागं कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. नोट्सचे 400 रुपये वेगळे मागतात, ते मात्र देऊ नका.