महिन्याभरात कादंबरी: आराखडा आखून की सुचेल तसं?

महिन्याभरात कादंबरीचा पहिला खर्डा पुरा करायचा, तर १९९९ साली सुरू झालेल्या नॅनोरायमो (नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ) या महिन्याभरात कादंबरी लिहिण्याच्या उपक्रमाचं ५०,००० शब्दांचं लक्ष्य आजही सोयीचं आहे. ३० दिवस, रोज साधारण १,६६७ शब्द.

आराखडा असेल तर बसल्या बसल्या लिहायला सुरुवात होते, कारण आजचा प्रसंग ठरलेला असतो. फक्त आराखडाच रंगवत बसू नका. प्रसंगाला एक ओळ पुरे.

सुचेल तसं लिहिताना पात्रं आपल्यालाच चकित करतात, आणि तो आनंद मला फार मोलाचा वाटतो. अडचण येते ती मध्यावर, गोष्ट रुतते तेव्हा. अशा वेळी मागे जाऊन दुरुस्त्या करू नका. समजा, नायिकेचा भाऊ नकोसा झाला. समासात ‘भाऊ काढणे’ एवढं टिपा आणि तो कधी नव्हताच असं धरून पुढे लिहा. रोज थांबताना वाक्य अर्धवट सोडलं, तर दुसऱ्या दिवशी हात लगेच चालतो.

पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला मी शेवट तेवढा ठरवून बाकी मोकळं सोडायला सांगेन. रहस्यकथेला मात्र आराखडा हवाच. धागेदोरे आधी जुळलेले बरे. एखादा दिवस बुडाला, तर राहिलेले शब्द उरलेल्या दिवसांवर वाटून टाका, एका रात्रीत भरून काढायला जाऊ नका.